संशोधन-पेपर संदर्भ सॉफ्टवेअरमध्ये आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रबंध सादर करायच्या आठवड्यात संदर्भसूचीतल्या चुका शोधत बसावं लागतं, तेव्हा एक गोष्ट हमखास लक्षात येते. सूची तयार होताना चूक झालेलीच नसते. पेपर संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आला त्या दिवशीच ती आत शिरलेली असते: लेखकाचं आडनाव नावाच्या रकान्यात, वर्ष रिकामं, जर्नलच्या जागी संकेतस्थळाचं नाव. सॉफ्टवेअर पुढे तेच इमानाने छापत राहतं. म्हणून इथले सगळे प्रश्न पेपर आत आणण्याच्या त्या एका टप्प्याभोवतीचे आहेत. उदाहरणं जास्त करून झोटेरोची घेतली आहेत, कारण ते मोफत आहे आणि नव्याने सुरुवात करणारे बरेच जण तेच उतरवून घेतात. मेंडेले, एंडनोट किंवा जॅबरेफमध्ये जिथे वेगळं काही करावं लागतं, तिथे तसं सांगितलं आहे.

पेपर आत आणायचा सर्वांत भरवशाचा मार्ग कोणता?

डीओआय, म्हणजे पेपरला मिळालेला कायमचा ओळखक्रमांक. पेपरच्या पहिल्या पानावर किंवा प्रकाशकाच्या संकेतस्थळावर तो सापडतो. सुरुवात नेहमी १० या आकड्याने, मग टिंब, काही अंक, तिरपी रेघ आणि पुढे प्रकाशकाने दिलेली अक्षरं-आकडे. झोटेरोत वरच्या पट्टीत जादूच्या कांडीचं चिन्ह आहे. त्यावर क्लिक करून डीओआय चिकटवला की काही सेकंदांत नोंद तयार होते. जॅबरेफमध्ये ओळखक्रमांकावरून नवी नोंद करायची सोय आहे. मेंडेलेत हाताने नोंद करायच्या खिडकीत डीओआय टाकून बाकीचे रकाने भरायला सांगता येतं.

हा मार्ग भरवशाचा का, हे माहिती कुठून येते त्यावरून कळेल. पेपर प्रसिद्ध करताना प्रकाशक त्याचं शीर्षक, लेखक, जर्नल, खंड, अंक, पानं हे सगळं क्रॉसरेफसारख्या नोंदणी संस्थेकडे जमा करतो. क्रॉसरेफ २००० साली सुरू झाली आणि जर्नलमधल्या लेखांचे बहुतेक डीओआय तिच्याकडेच नोंदलेले असतात. संशोधनाच्या डेटासंचांसाठी प्रामुख्याने डेटासाइट आहे. सॉफ्टवेअर थेट तिथे विचारणा करतं, त्यामुळे मधे कुणाचा अंदाज येत नाही. प्रकाशकानेच माहिती घाईत भरली असेल तर मात्र शीर्षक सगळं कॅपिटल अक्षरांत येतं किंवा पानांचा क्रमांक गायब असतो. तरीही बाकीच्या मार्गांपेक्षा इथे दुरुस्ती कमी लागते.

त्याच चौकटीत पुस्तकाचा आयएसबीएन, पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या डेटाबेसचा क्रमांक (पीएमआयडी) आणि आर्काइव्ह (arXiv) या ऑनलाइन पेपर-संग्रहाचा क्रमांकही चालतो. एकाच वेळी अनेक क्रमांक चिकटवले तरी चालतात.

डीओआय मिळतच नसेल तर माझा क्रम असा: आधी प्रकाशकाच्या पानावरून, ब्राउझरमध्ये बसवलेल्या संदर्भ सॉफ्टवेअरच्या बटणाने, मग डेटाबेसमधून उतरवलेल्या फाइलने, आणि सगळ्यात शेवटी नुसती पीडीएफ ओढून.

पीडीएफ ओढून टाकणं शेवटी का? ते तर सगळ्यात सोपं वाटतं.

सोपं आहेच. डाउनलोड फोल्डरमध्ये आधीच दीडशे पीडीएफ साठल्या असतील तर तोच मार्ग घ्यावा लागतो आणि त्यात गैर काही नाही. फक्त आत काय घडतं ते माहीत असू द्या.

पीडीएफ हे मुळात छापायचं पान आहे. त्यात लेखकाचा किंवा शीर्षकाचा वेगळा रकाना असेलच असं नाही, आणि असला तरी तो बहुधा कुणी नीट भरलेला नसतो. म्हणून झोटेरो पहिल्या काही पानांवरचा मजकूर वाचतं, त्यात डीओआय किंवा आयएसबीएन सापडतो का पाहतं, शीर्षक आणि लेखक कोणते असावेत हे ताडतं आणि मग त्यावरून पूर्ण नोंद शोधून आणतं. नव्या पेपरांच्या बाबतीत हे बहुतेकदा बरोबर जमतं.

ते फसतं ते ठरावीक ठिकाणी. जुना पेपर स्कॅन केलेला असेल तर पानावर अक्षरं नसतातच, नुसतं चित्र असतं. माउसने एखादं वाक्य निवडून पाहा. निवडता आलं नाही तर आधी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) करून घ्या आणि मग पीडीएफवर उजवं क्लिक करून माहिती पुन्हा शोधायला सांगा. विद्यापीठांच्या ऑनलाइन भांडारातून घेतलेल्या पीडीएफला पुढे एक मुखपृष्ठ जोडलेलं असतं, त्यामुळेही ओळख चुकू शकते. सर्वांत फसवी स्थिती म्हणजे पहिल्या पानावर दुसऱ्याच पेपरचा डीओआय असणं. एखादा छोटा लेख मागच्या लेखाच्या शेवटच्या पानावरच सुरू झालेला असतो, किंवा तो दुसऱ्या पेपरवरचं टिपण असतो. मग नोंद अगदी नीटनेटकी येते, पण भलत्याच पेपरची. कुठेही त्रुटीचा इशारा येत नाही. म्हणून ओढून आणलेल्या प्रत्येक पीडीएफचं शीर्षक आणि नोंदीचं शीर्षक एकदा शेजारी ठेवून पाहणं मी तरी सोडत नाही.

एंडनोट पीडीएफमध्ये डीओआय शोधतं आणि तो सापडला नाही की बरेचदा फाइलचं नाव हेच शीर्षक असलेली नोंद हाती येते. झोटेरोत ओळख न पटलेली पीडीएफ एकटीच पडून राहते, तिच्यावर मूळ नोंद नसते. अशी एकटी फाइल लेखनात उद्धृत करता येत नाही. ती उद्धृत करायची तर तिच्यासाठी मूळ नोंद तयार करावीच लागते.

ब्राउझरचं बटण नेमकं कोणत्या पानावर दाबायचं?

पेपरचा सारांश जिथे दिसतो त्या पानावर. पीडीएफ उघडलेल्या टॅबमध्ये दाबलं तर फक्त फाइल येते आणि मग वर सांगितलेला ओळखीचा खेळ सुरू होतो.

झोटेरोच्या बटणाचं चिन्ह पानानुसार बदलतं, आणि दाबण्याआधी ते पाहायची सवय फार उपयोगी आहे. लेखाच्या पानावर कागदाचं चिन्ह, पुस्तकाच्या पानावर पुस्तकाचं, शोधनिकालांच्या यादीवर फोल्डरचं. फोल्डर दिसलं तर यादीतले हवे ते पेपर खुणा करून एकदम घेता येतात. पान ओळखता आलं नाही तर नोंद ‘वेबपेज’ या प्रकारात जमा होते, जर्नलमधला लेख म्हणून नाही. संदर्भसूचीत एखाद्या पेपरपुढे अचानक ‘रोजी पाहिले’ असा मजकूर आणि लांबलचक दुवा दिसतो, त्याचं कारण बहुधा हेच असतं. कधीकधी थोडं थांबून पान पूर्ण उघडू दिलं की चिन्ह बदलतं.

या बटणामागे प्रत्येक संकेतस्थळासाठी लिहिलेले छोटे छोटे प्रोग्राम असतात. संकेतस्थळाने रचना बदलली की तो तुकडा काही दिवस चालत नाही आणि पुढच्या अद्ययावत आवृत्तीत दुरुस्त होतो. काल चालत होतं आणि आज चालत नाही, यात तुमचं काही चुकलेलं नसतं. तेवढ्यापुरता डीओआयचा मार्ग घ्या.

झोटेरो, मेंडेले, एंडनोट की जॅबरेफ?

तुमचे मार्गदर्शक आणि सहकारी जे वापरतात ते, कारण अडलं की शेजारी विचारता येतं. मोकळी निवड असेल तर मी झोटेरो सुचवतो. ते मुक्त-स्रोत आहे, २००६ पासून चालू आहे आणि त्यातला डेटा बाहेर काढणं सोपं आहे. ऑनलाइन साठवणुकीला ३०० एमबी मोफत मिळतात. मेंडेले २ जीबी देतं; ते २०१३ पासून एल्सव्हिअरकडे आहे आणि त्याचा जुना मेंडेले डेस्कटॉप हा प्रोग्राम १ सप्टेंबर २०२२ पासून नव्याने उतरवून घेता येत नाही, त्याची जागा मेंडेले रेफरन्स मॅनेजरने घेतली. एंडनोट क्लॅरिव्हेटचं आहे आणि विकत घ्यावं लागतं. लाटेक या मजकूर-जुळणी प्रणालीत लिहिणाऱ्यांसाठी जॅबरेफ चांगलं, कारण त्याची मूळ फाइलच लाटेकला चालणाऱ्या बिबटेक प्रकारची असते.

आरआयएस, बिबटेक, एनबिब… यातलं कोणतं निवडू?

हे संदर्भांच्या नोंदी साठवायचे फाइल-प्रकार आहेत. तुमचं सॉफ्टवेअर वाचू शकतं त्यातलं सर्वांत तपशीलवार. व्यवहारात: पबमेडवरून एनबिब, लाटेकसाठी बिबटेक, बाकी सगळीकडे आरआयएस.

आरआयएस फाइल एकदा नोटपॅडमध्ये उघडून पाहाच, निम्मी भीती तिथेच जाईल. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरांची खूण असते. टीवाय म्हणजे नोंदीचा प्रकार, एयू म्हणजे लेखक, टीआय शीर्षक, पीवाय वर्ष, डीओ म्हणजे डीओआय. प्रत्येक लेखकाला स्वतंत्र एयू ओळ, आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव. नोंद संपली की ईआर. बस्स, एवढंच. सॉफ्टवेअर या खुणा वाचून रकाने भरतं, त्यामुळे डेटाबेसने खूणच चुकीची घातली असेल तर माहितीही चुकीच्या रकान्यात जाते.

बिबटेक १९८५ पासून लाटेकच्या जोडीने चालत आलेलं आहे. त्यात एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. बऱ्याच बिबटेक शैली शीर्षकातली कॅपिटल अक्षरं लहान करून टाकतात. डीएनएसारखी संक्षेपं किंवा विशेषनामं जशीच्या तशी हवी असतील तर त्यांच्याभोवती महिरपी कंस हवेत. आयात केलेल्या नोंदींत ते कंस अनेकदा नसतात.

गूगल स्कॉलरवरून घेतलेल्या नोंदी अपुऱ्या का असतात?

कारण स्कॉलर ही माहिती वेगवेगळ्या संकेतस्थळांवरून यंत्राने गोळा करतं. लेखकांची नावं आद्याक्षरांपुरती, लांब यादी असेल तर पुढचे लेखक ‘आणि इतर’मध्ये गेलेले, डीओआय नाही, कधी जर्नलचं नाव कापलेलं. शोधायला स्कॉलर उत्तमच आहे. नोंद मात्र तिथून न घेता शीर्षकावर क्लिक करून प्रकाशकाच्या पानावर जा आणि तिथून घ्या. अर्धा मिनिट जास्त जातो.

स्कॉलरवरून एकापाठोपाठ एक भराभर नोंदी घेतल्या तर ते तुम्ही माणूसच आहात का याची खात्री करायला लागतं, आणि तोपर्यंत बटण चालत नाही. पुष्कळ पेपर घ्यायचेच असतील तर ताऱ्यावर क्लिक करून ते स्कॉलरच्या ‘माझी लायब्ररी’त ठेवा आणि तिथून एकत्र निर्यात करा.

साहित्य-आढाव्यासाठी शेकडो निकाल एकदम आणायचे आहेत. काय करू?

डेटाबेसमधूनच फाइल उतरवा. पबमेडमध्ये ‘सेंड टू’खाली ‘सायटेशन मॅनेजर’ आहे, त्यातून एका वेळी १०,००० पर्यंत नोंदी मिळतात. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समध्येही निर्यातीची सोय आहे. मर्यादा ओलांडली तर निकालांचे वर्षानुसार भाग पाडून उतरवा. निर्यात करताना सारांश आणि डीओआय हे पर्याय निवडलेले आहेत ना, ते पाहा. सारांश राहून गेला तर पुढे पेपर चाळताना प्रत्येकाचं पान नव्याने उघडावं लागतं, आणि हे काम जीव काढतं.

प्रत्येक डेटाबेसची फाइल वेगळ्या संग्रहात आणा. झोटेरो आयात करताना नवा संग्रह करायचा का ते विचारतं, तिथे हो म्हणा आणि संग्रहाच्या नावात डेटाबेस आणि तारीख लिहा. पद्धतशीर आढावा असेल तर पुनरावृत्ती काढण्याआधीचे आकडे डेटाबेसनिहाय लिहून ठेवा. अशा आढाव्यांच्या मांडणीसाठीच्या प्रिझ्मा २०२० या मार्गदर्शक सूचनांतल्या प्रवाह-आकृतीत ते द्यावे लागतात आणि एकदा नोंदी एकत्र झाल्या की ते मागे जाऊन काढता येत नाहीत. उतरवलेल्या मूळ फाइलीही पुसू नका.

शेकडो पेपरांच्या पीडीएफ मात्र एका दमात उतरवायच्या मागे लागू नका. प्रकाशकांच्या अटींत अशा घाऊक डाउनलोडला सहसा मनाई असते आणि एका माणसामुळे अख्ख्या संस्थेचा प्रवेश बंद होऊ शकतो. आधी सारांशावरून गाळणी करा, उरतील त्यांच्याच पीडीएफ घ्या.

फाइल आयात केली, पण एकही नोंद आली नाही. किंवा आली ती चौकोन आणि प्रश्नचिन्हांसकट.

एकही नोंद आली नाही तर फाइल नोटपॅडमध्ये उघडा. आत आरआयएसच्या खुणांऐवजी वेबपानाचा कोड दिसला तर डेटाबेसने फाइलऐवजी लॉगिनचं पान दिलं आहे. पुन्हा लॉगिन करून उतरवा. खुणा आहेत पण आयात होत नाही, तर खुणेनंतर दोन मोकळ्या जागा, मग आडवी रेघ, असा क्रम आहे का ते तपासा. फाइल वर्डमध्ये उघडून साठवली असेल तर तो क्रम मोडलेला असू शकतो. शेवटची ईआर ओळ गळली असेल तरी नोंद अर्धवट राहते. एंडनोटमध्ये योग्य फिल्टर निवडला नाही तर बरोबर फाइलही वाचली जात नाही.

चौकोन आणि प्रश्नचिन्हं हा एन्कोडिंगचा, म्हणजे फाइलमध्ये अक्षरं कोणत्या संकेतांत साठवली आहेत याचा प्रश्न. निर्यात करताना पर्याय दिला असेल तर यूटीएफ-८ निवडा. बिघडलेल्या नोंदी आत दुरुस्त करत बसण्यापेक्षा त्या सगळ्या काढून फाइल नव्याने आणणं बरं.

नोंद आली, पण पीडीएफ आली नाही.

पेपर सशुल्क असेल आणि तुम्ही संस्थेच्या नेटवर्कबाहेर असाल तर असं होणारच. लायब्ररीच्या प्रॉक्सीतून (बाहेरूनही संस्थेचा प्रवेश मिळवून देणाऱ्या सोयीतून) लॉगिन करून तेच पान उघडा आणि बटण पुन्हा दाबा. नोंद दुसऱ्यांदा तयार होईल, जुनी तिच्यात विलीन करा. किंवा पीडीएफ हाताने उतरवून आधीच्या नोंदीवर ओढून सोडा. ती तिला जोडली जाते.

मुक्तपणे उपलब्ध प्रत कुठे आहे का, हे झोटेरो अनपेवॉल या मुक्त प्रती शोधणाऱ्या सेवेच्या मदतीने शोधू शकतं. नोंदीवर उजवं क्लिक करून पूर्ण मजकूर शोधायला सांगा. मिळालेली प्रत लेखकाने स्वतः भांडारात ठेवलेली असेल तर तिचे पान क्रमांक छापील पेपरशी जुळतीलच असं नाही. अवतरणासोबत पान क्रमांक द्यायचा असेल तिथे हे तपासून घ्या.

आयात झाल्यावर नक्की काय तपासायचं?

प्रत्येक पेपरमागे अर्धा-एक मिनिट द्यायचा तो इथे. पेपर समोर उघडा असतो, चूक तेव्हाच लगेच दिसते. सहा महिन्यांनी तीच चूक शोधायला पेपर पुन्हा उघडावा लागतो.

आधी नोंदीचा प्रकार पाहा. परिषदेतला पेपर जर्नलचा लेख म्हणून, किंवा पुस्तकातलं प्रकरण अख्खं पुस्तक म्हणून आलं की सूचीत संपादक, परिषदेचं नाव, पानं हे सगळंच बिघडतं. रकाने कितीही बरोबर असले तरी प्रकार चुकला की काही उपयोग नाही.

मग लेखक. आडनाव आणि नाव उलटसुलट झालंय का? दोन शब्दांचं आडनाव तुटलंय का? एकाच व्यक्तीचं नाव एका नोंदीत पूर्ण आणि दुसरीत आद्याक्षराने आलं असेल तर ते सारखं करा. एपीएसारख्या संदर्भ-शैलीत नावं वेगळी दिसली की सॉफ्टवेअर ती दोन वेगळी माणसं समजतं आणि मजकुरातल्या उल्लेखात आडनावापुढे आद्याक्षरं जोडायला लागतं. ‘ही आद्याक्षरं कुठून आली?’ हा प्रश्न वारंवार येतो, आणि उत्तर जवळपास नेहमी हेच असतं.

संस्था लेखक असेल तर तिचं नाव एकाच रकान्यात हवं, नाहीतर वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशनचं आडनाव ‘ऑर्गनायझेशन’ होऊन बसतं. झोटेरोत लेखकाच्या ओळीशेजारी एका रकान्याचं चिन्ह आहे. एंडनोटमध्ये संस्थेच्या नावाच्या शेवटी स्वल्पविराम द्यायचा. बिबटेकमध्ये नावाभोवती महिरपी कंसांची दुहेरी जोडी.

इंग्रजी शीर्षक साठवताना वाक्यासारखं साठवा: पहिलं अक्षर आणि विशेषनामं तेवढी कॅपिटल. ज्या शैलीला प्रत्येक शब्द कॅपिटल हवा असतो तिथे झोटेरो ते स्वतः करतं, पण उलट दिशेने ते त्याला जमत नाही, कारण विशेषनाम कोणतं हे त्याला कळत नाही. शीर्षकावर उजवं क्लिक केलं की वाक्यासारखं करायचा पर्याय मिळतो. त्यानंतर विशेषनामं हाताने ठीक करा.

वर्ष, खंड, अंक, पानं यांच्यावर नजर फिरवली की झालं. ‘आधी ऑनलाइन’ म्हणून आलेल्या पेपरांना खंड आणि पानं नसतात. त्यांना एक टॅग लावून ठेवा आणि लेखन पाठवण्याआधी त्या टॅगखालच्या नोंदी पुन्हा तपासा.

देवनागरीतल्या किंवा इतर लिपींतल्या संदर्भांचं काय?

सॉफ्टवेअर युनिकोड वाचतं, त्यामुळे देवनागरीतली नोंद ठेवायला अडचण नाही. अडचण पीडीएफची असते. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर पडद्यावर नीट दिसतो, पण निवडून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांचा गोंधळ बाहेर येतो. सॉफ्टवेअर तोच गोंधळ वाचत असतं, म्हणून अशी पीडीएफ ओढून काहीही साधत नाही. नोंद सरळ हाताने करा.

‘भाषा’ हा रकाना लोक रिकामा सोडतात, तो भरा. झोटेरो शीर्षकातली अक्षरं कॅपिटल करायची की नाही हे त्यावरून ठरवतं. जर्मन किंवा फ्रेंच शीर्षकाच्या नोंदीत भाषा नसेल तर त्याला इंग्रजीचे नियम लावले जाऊ शकतात. लेखकाचं नाव कोणत्या लिपीत ठेवायचं हे जर्नलच्या नियमांवर ठरतं. काहीही ठरवा, पण सगळ्या नोंदींत एकच पद्धत ठेवा.

एकच पेपर तीन-तीनदा आला आहे. जास्तीच्या नोंदी पुसून टाकू का?

पुसू नका, विलीन करा. तुम्ही वर्डमध्ये त्यातली एखादी नोंद आधीच उद्धृत केली असेल आणि नेमकी तीच पुसली, तर लेखातला उल्लेख मूळ नोंदीपासून तुटतो. पुढे नोंदीत दुरुस्ती केली तरी ती लेखात पोचत नाही. विलीन केल्यावर दुवा टिकतो आणि दोन्हीकडच्या टिपा, टॅग, फाइली एकत्र येतात.

झोटेरो पुनरावृत्ती ओळखताना शीर्षक, डीओआय, आयएसबीएन पाहतं आणि सोबत लेखक व वर्षही ताडतं. त्याने दाखवलेल्या सगळ्या जोड्या डोळे झाकून मान्य करू नका. परिषदेतला पेपर आणि त्याच नावाने पुढे जर्नलमध्ये आलेला विस्तारित लेख या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. लेख आणि त्याचं शुद्धिपत्र यांचंही तसंच.

प्रीप्रिंट आधी आणला होता, आता तो जर्नलमध्ये आला. नोंद बदलू?

प्रीप्रिंट म्हणजे तज्ज्ञांच्या समीक्षेआधीच खुली केलेली पेपरची प्रत. तुम्ही जे वाचलं ते उद्धृत करायचं. समीक्षेत आकडे आणि निष्कर्ष बदललेले असू शकतात, म्हणून प्रकाशित आवृत्ती आधी वाचा, मग तिची वेगळी नोंद आणा आणि लेखातला उल्लेख बदला. दोन्ही नोंदी ‘संबंधित’ म्हणून एकमेकींशी जोडून ठेवता येतात. प्रीप्रिंटच उद्धृत करायचा असेल तर प्रकारही प्रीप्रिंटच हवा. जुन्या नोंदींत तो ‘रिपोर्ट’ किंवा जर्नलचा लेख म्हणून पडलेला असतो.

जुन्या वर्ड फाइलमध्ये टाइप केलेली संदर्भसूची आहे. ती आत आणता येईल?

येईल, पण थेट नाही. ॲनीस्टाइल हे साधन साध्या मजकुरातून लेखक, वर्ष, शीर्षक वेगळं काढून बिबटेक देतं. क्रॉसरेफच्या संकेतस्थळावर सूची चिकटवून प्रत्येक संदर्भाचा डीओआय शोधता येतो, आणि ते डीओआय मग झोटेरोच्या चौकटीत टाकता येतात. मला दुसरा मार्ग जास्त पटतो, कारण जुन्या सूचीतल्या टायपिंगच्या चुका त्यात मागेच राहतात.

हीच पद्धत चॅटबॉटने दिलेल्या संदर्भांनाही लावा, आणि तिथे ती ऐच्छिक समजू नका. असे संदर्भ दिसायला अगदी खरे असतात: खरं जर्नल, खऱ्या संशोधकाचं नाव, पण पेपर अस्तित्वातच नाही. डीओआय उघडत नाही किंवा दुसऱ्याच पेपरवर नेतो, तर तो संदर्भ आत घेऊ नका. आणि उघडला तरी पेपर वाचल्याशिवाय उद्धृत करू नका.

एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना काय हरवतं?

आरआयएस किंवा बिबटेकने गेलात तर फोल्डरांची रचना जाते आणि पीडीएफवरच्या खुणाही बहुधा मागे राहतात. फोल्डर महत्त्वाचे असतील तर निर्यात करण्याआधी प्रत्येक फोल्डरचं नाव त्यातल्या नोंदींना टॅग म्हणून लावा. टॅग सोबत जातात.

मेंडेलेतून झोटेरोत जायला खास आयात आहे. मेंडेलेच्या खात्यात लॉगिन केलं की फोल्डर, पीडीएफ आणि खुणा येतात. मेंडेलेच्या सर्व्हरवर न चढवलेल्या फाइली मात्र येत नाहीत, म्हणून आधी सगळं सिंक होऊ द्या. एंडनोटमधून येताना एक्सएमएल निर्यात करा आणि ती फाइल लायब्ररीच्या डेटा फोल्डरमध्ये, पीडीएफ फोल्डरच्या शेजारी ठेवा, म्हणजे पीडीएफही सापडतात. एखादा लेख अर्ध्यावर असेल तर तो जुन्याच सॉफ्टवेअरमध्ये पुरा करा आणि मग हलवा.

झोटेरोचं फोल्डर ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्हमध्ये ठेवलं तर?

नको. त्यातला डेटाबेस चालू असताना क्लाउडचं सॉफ्टवेअर त्याची प्रत इकडून तिकडे नेत राहतं आणि डेटाबेस बिघडू शकतो. नोंदींसाठी झोटेरोचं स्वतःचं सिंक वापरा. ३०० एमबी भरले तर जास्तीची जागा विकत घेता येते किंवा वैयक्तिक लायब्ररीच्या फाइली वेबडॅव्हवर (दुसऱ्या सर्व्हरवर फाइली ठेवायच्या सोयीवर) ठेवता येतात. गटांच्या लायब्ररीला वेबडॅव्ह चालत नाही.

सिंक म्हणजे बॅकअप नाही, हेही लक्षात असू द्या. एका संगणकावर चुकून पुसलेला संग्रह सिंक होऊन सगळीकडून पुसला जातो. झोटेरो बंद करून त्याचं अख्खं डेटा फोल्डर अधूनमधून बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवा. एंडनोटमध्ये लायब्ररीची फाइल आणि तिच्याच नावाचं डेटा फोल्डर ही जोडी एकत्रच हलवावी लागते, त्यासाठी संकुचित लायब्ररी करून ठेवणं सोयीचं.

आत आणलेला पेपर पुढे मागे घेतला गेला तर कळेल का?

झोटेरोत कळतं. २०१९ पासून ते रिट्रॅक्शन वॉच या मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या उपक्रमाच्या डेटाबेसशी नोंदी ताडून पाहतं आणि मागे घेतलेल्या पेपरवर ठळक इशारा दाखवतं. तो पेपर उद्धृत करायला गेलात तरी अडवून विचारतं. रिट्रॅक्शन वॉचचा हा डेटाबेस २०२३ मध्ये क्रॉसरेफने घेऊन सर्वांसाठी खुला केला. ही ताडणी डीओआय किंवा पीएमआयडीवरून होते. हाताने केलेल्या नोंदीत दोन्ही नसतील तर इशारा येणार नाही, म्हणून जुन्या नोंदींना डीओआय जोडून घेण्याचं काम एखाद्या निवांत दुपारी उरकून टाका.